पुसट फोटोचा पास

तळव्यांपासून सुरू झाली खाज.
ना पुरळ, ना गांध, ना चट्टा.
रात्री दीडला अंगणातल्या फरशीवर
पाय घासत बसायची मी.

शेजारची कौतिका म्हणे, गाजरगवत लागलं असंल व माय.
निंबाचा पाला उकळून आंघोळी केल्या.
देवरावबुवानं काविळीची माळ घातली गळ्यात,
ती वाढत वाढत बेंबीपर्यंत आली,
खाज होती तिथंच.

रिपोर्टावर ‘लिव्हर’ उमटलं
तेव्हा डेपोतली चहाची कपं थांबली.
लिव्हर म्हटलं की माणसं बाटली शोधतात.
लहानपणी मोहाची फुलं भाजून खाल्ली होती,
तेवढाच आपला मोहाशी संबंध.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळंच विचारलं.
लघवीला जळजळ? याआधी? कितीदा?

मोजू कुठून?
घाटंजी ते पारवा, पारवा ते घाटंजी,
एकवीस वर्षं.
मडावी ड्रायव्हर पळसाआड जाऊन यायचा
विडी विझायच्या आत.
मी चिल्लर मोजत बसायची, मांडीवर मांडी दाबून.
स्टँडच्या मुतारीला कुलूप,
किल्ली एकाकडे,
तो एक जेवायला गेलेला.
पाणीच प्यायचं नाही, हा माझा शोध.
पंचेचाळीसच्या उन्हात बाटली भरलेली जायची,
भरलेली परत यायची.
मग हुडहुडी, ताप, पाच दिवसांच्या गोळ्या;
तिसऱ्या दिवशी बरं वाटलं
की उरलेल्या तिकिटांच्या पेटीत.

बाई म्हणाल्या,
त्या जंतूच्या अंगावर एक खूण असते.
तशीच, जवळजवळ तशीच खूण
आपल्याही पेशींच्या आत असते.
शरीर एकदा ओळखायला शिकलं
की शिकलेलं सोडत नाही.
मग कधीतरी, जंतू केव्हाच मेलेला असताना,
पित्ताच्या बारीक नळ्यांपाशी
ते घरच्यांनाच बाहेर काढू लागतं.
असं असावं, म्हणाल्या. ठाम सांगता येत नाही.
जळजळ कितीतरी बायांना होते,
हे एखादीलाच.

मला मात्र लगेच समजलं.

शाळेच्या पासावर दुसरीच पोरगी फिरत होती महिनाभर.
तपासनिसानं पकडली,
मेमो मला मिळाला.
तेव्हापासून ते नाव मी डोळ्यात ठेवलं: रोशनी टेकाम.
आठवड्यानं फाट्यावर एक चढली,
हातात तोच पास, फोटो घामानं पुसलेला,
हनुवटी तशीच, रिबिनी तशाच.
मी दोरी ओढली. टण्ण.
‘मॅडम, मीच आहे हो.
मीच आहे.’
दार लावलं. मागच्या काचेत धूळ,
धुळीत निळा फ्रॉक,
मग नुसती धूळ.
सहा किलोमीटर शाळा. पेपर होता त्या दिवशी.

खरी होती ती. नंतर तिच्या मामानं सांगितलं,
भांडला नाही, नुसतं सांगितलं
आणि अर्धं तिकीट मागितलं.

आता सकाळ-संध्याकाळ गोळी.
खाज थोडी मागं हटली आहे,
थकवा नाही हटला;
जिना चढताना कोणीतरी पदर ओढून धरल्यासारखं.
रोशनी लग्न होऊन आदिलाबादकडे गेली म्हणे.
पत्ता कोणी देत नाही, मीही दोनदाच विचारला.

कधी दीडला जाग येते,
उजव्या बरगडीखाली हात ठेवते.
काय बोलावं सुचत नाही.
जी आत राहिली आयुष्यभर, माझ्याच गाडीत,
तिला कोणता पास मागायचा?

मला खिडकीवर बसवलं आहे, हलकं काम.
मुतारीची किल्ली मागून घेतली,
खिळ्याला टांगली आहे, लाल दोरीत.
नवी कंडक्टर पोरगी येते, विचारत नाही,
उचलते, जाते.
परत ठेवताना किल्ली ओली असते.
पाण्याची बाटली रिकामी असते का,
तेवढं मी बघते.